टॉवरआधीची पांढर: घोडकाठच्या एका साइटच्या नोंदी

मी मोबाइल टॉवरचं सिव्हिल काम घेतो. पाया, कंपाउंड, अर्थिंग, केबलचे चर. राहतो वडगाव शेरीत, साइट जिल्हाभर. पुरातत्त्वातलं मला काही कळत नव्हतं आणि आजही फारसं कळत नाही. ज्यांच्या गळ्यात बांधकामाआधीची पुरातत्त्वाची पाहणी पहिल्यांदाच पडणार आहे त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी थोड्या साफसूफ करून उतरवतोय. गाव, जमीनमालक, कंपनी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. का, ते ३१ डिसेंबरच्या नोंदीत कळेल.

९ ऑक्टोबर २०२४

आरएफवाल्यांनी, म्हणजे नेटवर्कची आखणी करणाऱ्यांनी, नॉमिनल (टॉवरची ढोबळ जागा) पाठवला. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. ४० मीटरचा चार पायांचा टॉवर, १५ बाय १५ मीटर जागा. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास घालवून साडेअकराला पोचलो.

तीन जागा पाहिल्या. पहिली ओढ्यात. दुसरीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली दोन मुंबईला. तिसरी एकदम झकास: नदीपासून तीनेकशे मीटर, भोवतीच्या उसापेक्षा दोन मीटर उंच, पाणी साचत नाही, रस्ता लागून. मालक तयार. जागेवरच मोबाइलमध्ये पिन टाकली.

मालकांच्या घरी चहा झाला. त्यांच्या आई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "तिथं कशाला खांब रोवताय? ती पांढर हाय. नांगराला निस्ती खापरं लागत्यात."

मी हसलो आणि वहीत लिहिलं, "माती पांढरट, निचरा चांगला." ते वाक्य अजून वहीत आहे. काळीत पिकतं आणि पांढरीत, म्हणजे गावठाणात, माणसं राहतात, हे मराठी माणसाला शाळेपासून माहीत असतं. पण आजी मातीचा रंग सांगतायत असंच मला वाटलं.

१४ ऑक्टोबर

कंपनीकडून कागद आला. या टप्प्यातल्या टॉवरना परदेशी कर्ज आहे आणि सांस्कृतिक वारशाची तपासणी ही कर्ज देणाऱ्यांची अट आहे. म्हणजे पाहणी कायद्याच्या धाकाने नव्हे, पैशाच्या अटीने होतेय. कायदा बघतो तो संरक्षित स्मारकांभोवती: १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१०ची दुरुस्ती. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची प्रक्रिया करून परवानगी. त्यापलीकडे साध्या शेतात टॉवर उभा करताना जमिनीखाली काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

यातल्या "हद्दीपासून" या शब्दाने मला गेल्या वर्षी मावळात झोपवलं होतं. एका लेण्याजवळची साइट. मी लेण्याच्या तोंडापासून अंतर मोजलं, ३२० मीटर भरलं, बिनधास्त करार केला. संरक्षित हद्द लेण्याच्या तोंडाशी नव्हती, बरीच खाली उतरलेली होती. खरं अंतर निघालं २६० मीटर. ॲडव्हान्सचे चाळीस हजार आणि अडीच महिने गेले. म्हणून या वेळी मीच म्हटलं, पाहणी करायची तर जाणत्या माणसाकडून करू.

डेक्कन कॉलेजातून पुरातत्त्वात एमए केलेल्या एक मॅडम मिळाल्या. दिवसाला साडेतीन हजार आणि येण्याजाण्याची सोय. फोनवर पहिला प्रश्न, "गाव इनामगावपासून किती लांब?" मी म्हटलं, त्याच तालुक्यात. पलीकडून दोन सेकंद काहीच आवाज नाही.

इनामगाव मला फक्त फाट्याच्या पाटीवर माहीत होतं. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. घोडकाठी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं अख्खं गाव निघालं, सव्वाशेहून जास्त घरं. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले. लहान मुलं घराच्या जमिनीखालीच, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली. हे मॅडमनी फोनवर सांगितलं. मी तेव्हा एका रेल्वे फाटकाशी गाडी बंद करून उभा होतो. फाटक उघडलं तरी हलायचं सुचलं नाही, मागचा हॉर्न मारायला लागला.

१९ ऑक्टोबर

पहिली पाहणी. पूर्ण वाया.

परतीचा पाऊस नुकताच थांबलेला, टेकाडावर गुडघाभर गवत. जमीनच दिसेना. मॅडमनी गाडीतून उतरतानाच सांगितलं, "दादा, हे मला आधी विचारायचं होतं." वरवरच्या पाहणीला उघडी जमीन लागते. नांगरट झालेली हवी, आणि नांगरटीनंतर एखादी सर पडून ढेकळं धुतली गेली तर सोन्याहून पिवळं. खापरावरची माती निघते आणि रंग उठून दिसतो.

तरी तीन तास फिरलो. बाजूच्या उसात जायला मालकांनी मनाई केली. बिबट्या. मागच्याच आठवड्यात शेळी नेली होती. बांधाच्या कडेने सतरा खापरं दिसली. साडेतीन हजार आणि डिझेल पाण्यात.

जाताजाता मी आणखी एक शहाणपणा केला. मॅडम मालकांशी बोलत होत्या, तेवढ्यात टेकाडावर चक्कर मारून हाताला लागतील ती खापरं गोळा केली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरली आणि मोठ्या अभिमानाने त्यांच्यासमोर धरली. अडतीस तुकडे. त्यांनी पिशवी घेतली नाही. विचारलं, "यातलं कुठलं कुठे होतं?" मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "मग हे आता नुसते तुकडे झाले." पिशवी माझ्याच गाडीच्या डिकीत राहिली.

कुठे काय किती पडलंय, हीच या पाहणीतली माहिती असते. वस्तू जागची उचलली की ती गेली. आम्ही लेव्हलचा खुंटा उपटून खिशात घातला तर जे होईल, तेच.

६ नोव्हेंबर

दिवाळी, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता, नांगरटीला ट्रॅक्टर नाही. काम शून्य. मालकांना नांगरटीचे बाराशे मी दिले. नेहमीपेक्षा खोल नांगरू नका, एवढंच मॅडमनी सांगायला लावलं होतं.

१२ आणि १३ नोव्हेंबर

दुसरी पाहणी, दोन दिवस. हीच खरी.

१५ बाय १५ मीटरच्या जागेभोवती ६० बाय ६० मीटरचा चौकोन आखला. मी फक्की मारायला निघालो होतो, मॅडमनी थांबवलं. पांढऱ्या मातीवर पांढरी फक्की, काय दिसणार? दोऱ्या बांधल्या. तीन-तीन मीटरवर एक ओळ. ओळीने हळू चालायचं, नजर पायापुढच्या दीड मीटरवर, खापर दिसलं की शेजारी काडी रोवायची. काड्या म्हणजे आइस्क्रीमच्या, टोकाला लाल लोकर. दीडशे आणल्या होत्या, तासाभरात संपल्या. मग माझ्या गाडीतली बॅरिकेडची लाल-पांढरी पट्टी फाडून दगडाखाली ठेवत गेलो. अकरा वाजता ताठ उभं राहून टेकाड बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. जिथे टॉवरचा मध्य येणार होता तिथेच सगळं लालेलाल.

पाच मीटरच्या चौकटी करून मोजलं. सगळ्यात दाट चौकटीत ६३. रस्त्याच्या बाजूला विरळ होत दोन-तीन.

खापर जुनं की नवं, हे कसं ओळखायचं ते मॅडमनी दाखवलं. मंगलोरी कौलाचा तुकडा सपाट आणि जाड, मागे पन्हळ. बाजारच्या माठाचा तुकडा भुरभुरीत. मग नांगराच्या तासातलं एक पातळ खापर त्यांनी बोटाने दाखवलं: तांबूस लाल, त्यावर काळ्या रंगाच्या तीन बारीक रेघा, एकीला दुसरी अगदी समांतर. नखाने टिचकी मारली. टण्. माठाच्या तुकड्यावर मारली तर डब् असा मेलेला आवाज. "जोर्वे पद्धतीचं दिसतंय," म्हणाल्या. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव, तिथल्या उत्खननावरून या भांड्यांना नाव पडलं. काळ म्हणाल तर इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० यांच्या दरम्यान. फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून. खापर जिथल्या तिथे.

दुपारी मला एक गारगोटीचा तुकडा दिसला. पायाने ढकलणार होतो. मॅडम ओरडल्याच. नखाएवढ्या रुंदीचं, अडीच सेंटिमीटर लांब, धुरकट पांढरं पातं. दोन्ही कडा समांतर, मधून एक शिरेसारखी उभी रेघ. कॅल्सेडनीचं, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाचं, घडवलेलं पातं. धार बघायला अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढलं तर नखाची पापुद्र्यासारखी साल निघाली. एवढ्या वर्षांनी! आमचं हेक्सॉ ब्लेड दोन दिवसांत बोथट होतं.

दुसऱ्या दिवशी टेकाडाची उत्तरेची बाजू पाहिली. तिथे दोन मीटरची उभी कड आहे. मालक म्हणाले, "आमचा आजा हितली माती गाडीनं वावरात टाकायचा. खतावानी चालती. धाब्यालाबी हीच." पांढरीच्या मातीत राख, शेण, हाडं असं पिढ्यान् पिढ्यांचं मुरलेलं असतं, म्हणून पीक चांगलं येतं. आजोबांनी गाडीगाडीने गावच खणून काळीत पसरलं होतं, आणि त्यामुळेच आम्हाला फुकटात कापलेला काठ बघायला मिळाला. राखेचा करडा पट्टा, त्यावर पिवळसर मातीची बोटभर जाडीची घट्ट रेघ, परत राख, मध्ये खापरं आडवी. ती घट्ट रेघ म्हणजे चोपून सारवलेली घरातली जमीन. मी कड खुरप्याने साफ करायला गेलो तर त्यालाही नको म्हणाल्या. पुरातत्त्वासाठी खणायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची रीतसर परवानगी लागते. आपण बघायचं, मोजायचं, फोटो काढायचे. बस.

घरी आजींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग? म्या काय सांगितलं हुतं?"

१८ नोव्हेंबर

कंपनीच्या ऑफिसात मीटिंग, कल्याणीनगर. मॅडमचा अहवाल सहा पानांचा, नकाशासकट. पहिला प्रश्न अपेक्षितच होता: "संरक्षित आहे का?" नाही. "मग अडचण काय?" मी गप्प. मॅडमनी कर्जाच्या अटीचा कागद पुढे सरकवला. त्यानंतर चर्चा "कुठे हलवायचा" यावर आली.

अहवालातलं एक वाक्य मी अधोरेखित केलं: टॉवरला जी जागा बरी वाटते तीच वस्तीलाही बरी वाटते. पाण्याजवळ, पण पुराच्या वर. निचऱ्याची, चहूकडे नजर जाणारी. आरएफवाल्यांचं सॉफ्टवेअर जिथे बोट ठेवतं तिथे आधी कुणीतरी चूल मांडलेली असणारच, असं मॅडम हसत म्हणाल्या. पुण्यात मेट्रो खणताना स्वारगेटला जुना पाण्याचा बोगदा निघाला तेव्हा सगळ्यांनी आश्चर्य केलं होतं. जुन्या शहरात खणल्यावर जुनंच निघणार.

पर्याय ठरला रस्त्यापलीकडचा माळ, १४० मीटर लांब. खापरं तिथे शून्य. जमीन सहा मीटरने खाली. आरएफवाल्याने तोंड वाकडं केलं. शेवटी अँटेना ३४ ऐवजी ३८ मीटरवर लावायच्या यावर मिटलं. माळही याच मालकांचा निघाला म्हणून करार वाचला.

२६ नोव्हेंबर

निवडणुकीचा निकाल लागून तीन दिवस झाले, जेसीबीवाला मिळाला. माळावर मातीचाचणीचा खड्डा. पुरातत्त्वासाठी खणता येत नसलं तरी हा खड्डा आमच्या कामाचाच असतो, त्याच्या काठावर जाणतं माणूस उभं करता येतं. हे ज्यांना करायचंय त्यांनी दोन गोष्टी आधी ठरवा. एक, जेसीबीच्या खोऱ्याला दात नकोत, सपाट पात्याचं खोरं लावा. दातांनी माती भुसभुशीत उलटते, थर दिसत नाहीत. दुसरं, एका वेळी वीतभरच काढायचं आणि थांबायचं. ऑपरेटर वैतागतो. माझ्या ऑपरेटरला तासाचे अकराशे मिळत होते, तरी म्हणत होता, "साहेब, असं खरवडून काय मिळणार? पोपडे?"

३० सेंटिमीटर माती, मग मऊ मुरूम, दीड मीटरवर कडक मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक. मानवी काही नाही. एक पांढरा चकचकीत तुकडा निघाला तेव्हा मी धावलो. विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या चिमणीचा (इन्सुलेटरचा) होता.

२ ते २३ डिसेंबर

पाया. खाली ब्रेकर लावावा लागला, १४ तास. स्टब सेटिंग, टेम्प्लेट, काँक्रीट, क्यूरिंग. जसं नेहमी होतं तसंच.

२८ डिसेंबर

माझी सगळ्यात मोठी चूक आज उघडी पडली.

आम्ही पाहणी केली ती टॉवरच्या चौकोनाची. चौकोन हलवला आणि सगळे निश्चिंत झालो. पण टॉवर म्हणजे फक्त पाया नाही. फायबर येतं, वीज येते, रस्ता येतो. फायबरचा ठेका वेगळ्या माणसाकडे. त्याच्याकडे जुना आराखडा. जुन्या आराखड्यात चर कुठून? टेकाडाच्या पूर्वेच्या कडेने सरळ. खोली १.६५ मीटर, म्हणजे चौकोन हलवून आम्ही जे काळजीने टाळलं, तेच यांनी खणून काढलं.

मी साडेदहाला पोचलो तेव्हा अकरा मीटर झालं होतं. हातवारे करून जेसीबी थांबवला. चरात उतरलो. ४० सेंटिमीटर नांगरटीची माती, खाली राख, त्याखाली ती ओळखीची पिवळी घट्ट रेघ. रेघेच्या खाली, चराच्या भिंतीत, दोन करडी मडकी आडवी. तोंडाला तोंड लावलेली. एकाचं बूड खोऱ्याच्या दाताने उडवलेलं. आत मातीच भरलेली दिसत होती. मी आत डोकावलो नाही.

मॅडमना फोटो पाठवला. उलट फोन लगेच. आवाज एकदम हळू. "कुणालाही उतरू देऊ नका. काही काढू नका, धुऊ नका. मी निघते."

दुपारी तीनला आल्या. पंधरा मिनिटं नुसत्या बघत बसल्या. मोजमाप, फोटो, रेखाटन. मग म्हणाल्या, आज अंधार पडायच्या आत हे झाकायचं. मडक्यांवर स्वच्छ सुती कापड, त्यावर चाळलेली वाळू हाताने दाबून, मग चरातलीच माती. मी म्हटलं, अधिकारी बघायला येतील, उघडं ठेवू. त्या म्हणाल्या, उघडं ठेवलं तर बघायला काही उरणार नाही.

आजी चराच्या काठाशी आल्या होत्या. इनामगावला काय निघालं होतं ते मॅडमनी मला सांगितलं तसं मी त्यांना सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लेकरू आसंल तर झाका की बिगीनं. थंडी हाय."

वाळू दीड ब्रास. सातपर्यंत झाकून झालं.

३१ डिसेंबर

काल सोमवती अमावस्या होती. रात्री कुणीतरी टेकाड खणलं.

परवाच गावात झालं होतं, "टॉवरवाल्यांना हंडा लागला." हंडा म्हणजे मोहरांचाच, दुसरा कसला असणार. सकाळी मालकांचा फोन. झाकलेल्या जागेपासून जेमतेम चार फुटांवर कमरेएवढा खड्डा, काठावर लिंबं, कुंकू, काळी बाहुली. मडकी वाचली ती केवळ वरून नुसती सपाट माती दिसत होती म्हणून. मॅडमचं त्या दिवशी ऐकलं नसतं तर आज मला हे लिहायला तोंड नसतं.

पोलीस पाटलांना घेऊन पंचनामा. तहसील कार्यालयात लेखी कळवलं, प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या पुणे कार्यालयाला. हे २८ लाच व्हायला हवं होतं. मी "सोमवारी बघू" म्हणून शनिवार-रविवार घालवला, आणि सोमवार अमावस्येचा निघाला. जमिनीत दडलेलं काही मोलाचं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं हे १८७८च्या निखात निधी कायद्यापासून आहे, आणि ती जबाबदारी सापडवणाऱ्याची आहे. ठेकेदार म्हणून आपण त्यातून सुटत नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे पंचवीस-तीस माणसं जमली. मॅडमनी खापरांचे फोटो दाखवले, सोनं नाही हे चारदा सांगितलं. एका पोराने विचारलं, "मग याला भाव किती?" बाजूच्या म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यात टपली मारली. रात्रीच्या राखणीला दोघं ठेवले, पाचशे-पाचशे, दहा रात्री.

९ जानेवारी २०२५

खात्याकडून दोघे जण आले. मॅडमही होत्या. जागा बघितली, नोंदी आणि फोटोंच्या प्रती घेतल्या. चर पूर्ण बुजवायला सांगितलं, झाकलेल्या भागाला न छेडता. बुजवताना मॅडमनी तळाशी निळा प्लास्टिकचा कागद पसरायला लावला आणि मला विचारलं, "या वर्षीचं नाणं आहे?" नव्हतं. २०२४चं दोन रुपयांचं होतं, ते कागदावर ठेवलं. पुढे कधी कुणी रीतसर खणलं तर कळावं की इथवर आम्ही पोचलो होतो.

१७ जानेवारी

फायबर नव्या मार्गाने, रस्त्याच्या कडेने. हा मार्ग मात्र आधी चालून पाहिला, फुटाफुटाने. विजेच्या खांबांच्या जागा आणि अर्थिंगची तीन भोकंसुद्धा. मी आता चेकलिस्टमध्ये चौकोनाऐवजी "जिथे जिथे जमिनीत लोखंड जाणार ते सगळं" असं लिहून ठेवलंय, आणि जुना आराखडा रद्द झाला की प्रत्येक ठेकेदाराकडून त्याची कागदाची प्रत परत घेतो. व्हॉट्सॲपवर "कृपया जुना वापरू नये" पाठवल्याने काही होत नाही. निळ्या टिका आल्या होत्या.

२ फेब्रुवारी

टॉवर उभा राहिला. हिशेब.

मॅडमचे सहा दिवस २१,०००. त्यातला पहिला माझ्या अडाणीपणाचा. डिझेल ११,०००च्या आसपास. फायबरचा जादा मार्ग ३१० मीटर, मीटरला २६० प्रमाणे ८०,६००. माळापर्यंत ९० मीटर रस्ता, २९ ब्रास मुरूम, दबाईसकट ब्रासला १,४०० म्हणजे ४०,६००. ब्रेकर २२,४००. राखण १०,०००. नांगरट, वाळू, किरकोळ धरून ६,०००. कंपनीने रस्ता आणि फायबर मान्य केलं. ब्रेकरवर अजून पत्रव्यवहार चालू आहे. त्या अकरा मीटर चराचं बिल फायबरवाल्याने मला लावलंय, मी ते त्याला परत पाठवलंय, त्याने पुन्हा मला. वेळ म्हणाल तर नेहमीपेक्षा नऊ आठवडे जास्त. त्यातले तीन दिवाळी-निवडणुकीचे, बाकी आमचे.

टेकाडावर यंदा मालकांनी हरभरा केलाय. नांगर वरवर घालतात.

१५ फेब्रुवारी

गाडी धुवायला दिली होती. डिकीतून दुधाची पिशवी निघाली, अडतीस तुकड्यांची. मॅडमना विचारलं, परत नेऊन टाकू का? म्हणाल्या, "कुठे टाकणार? तुम्हाला जागा माहीत नाही. दुसऱ्याच चौकटीत टाकाल आणि पुढच्या माणसाला फसवाल." शेवटी त्यांनी सांगितलं तसं केलं: पिशवीत एक चिठ्ठी घातली. गाव, तारीख १९ ऑक्टोबर २०२४, गोळा करणाऱ्याचं नाव म्हणून माझं. खाली "नेमकं स्थान" असा रकाना होता. त्यात लिहिलं, माहीत नाही. सोमवारी खात्याच्या कार्यालयात देऊन पोच घ्यायची आहे.